बैलगाडीच्या धावेपासून पिकअपच्या पाट्यापर्यंत

मोसंबीचा तोडा सुरू झाला की पिकअपच्या मागून कटकट ऐकू येते आणि ड्रायव्हर म्हणतो, पाटे गेले. हे पाटे आपल्याकडं आले कसे ते लिहितो, म्हणजे बदलताना काय करायचं ते आपोआप कळंल.

जुन्या बैलगाडीला पाटा नव्हताच. बाभळीचं चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि सगळा भार थेट कण्यावर. धक्का सोसायचा तो बैलाच्या खांद्यानं आणि माणसाच्या कमरेनं. खाली कडबा टाकायचा एवढाच इलाज. मग टायरची गाडी आली. तिलाही पाटा नाही, टायरमधली हवा हीच तिची स्प्रिंग. टांग्याला अन बग्गीला मात्र पाटे असायचे. लंडनच्या ओबाडाया इलियट या घोडागाड्या बांधणाऱ्या माणसानं १८०४ च्या सुमारास पोलादी पाट्यांवर गाडी टांगायचं पेटंट घेतलं, तिथून ही कला पसरली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला चारही चाकांवर पाटे होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तीच जीप जोडायला घेतली. १९८६ ला टाटा ४०७ आली, २००५ ला छोटा हत्ती. आजच्या पिकअपच्या मागच्या चाकांवर बघा, अजून तेच पाटे.

एकच जाड पट्टी का नाही? जाड पट्टी वाकताना तडकते. पातळ पट्ट्यांची चळत वाकते, एकमेकींवर घासते आणि उसळीचा थोडा जोर तिथंच जिरतो. बाकीचा शॉकअप जिरवतो. भार पडला की पाटा सरळ होऊन लांबतो, म्हणून त्याचा एक कान पक्का आणि दुसरा शॅकलवर झुलता ठेवतात. सगळी झीज ह्या कानांतल्या बुशांत होते. कटकट बहुतेक तिथलीच.

जालन्याच्या एमआयडीसीत सळई रोज निघते, पण ते लोखंड वेगळं. सळई वाकवली की वाकलेली राहते, पाटा परत जागेवर येतो, कारण त्याला पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पाणी उतरतं. म्हणून तुटलेला पाटा जोडून वापरू नका, जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटतो, अन तोही भरल्या गाडीत.

बुश आणि पाटा घरी बदलता येतो. गाडी रिकामी करा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, चेसीखाली मजबूत घोडी द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, गडीमाणसालाही पाठवायचं नाही. नट आदल्या रात्री डिझेलनं भिजवून ठेवा. पाट्यांची चळत सोडताना दोन्ही बाजूंनी शिकंजा आवळून मगच सेंटर बोल्ट काढा, नाहीतर पट्ट्या उसळतात. सेंटर बोल्ट तुटलेला असला तर अॅक्सल सरकून गाडी तिरकी चालते, तेही बघून घ्या. पाटे दोन्ही बाजूंचे एकदम बदला. यू बोल्ट नवेच टाका. रबरी बुशाला ग्रीस लावू नका, रबर फुगतं. त्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढं कॉइल स्प्रिंग असंल तर मात्र मेस्तरीकडंच जा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

आता वाढीव पाट्याबद्दल. जास्त माल बसावा म्हणून एकदोन पट्ट्या वाढवायची पद्धत आपल्या भागात फार आहे. मला ती पटत नाही. पाटा वाढला तरी ब्रेक, अॅक्सल, टायर तेवढेच राहतात. रिकाम्या गाडीला दणके बसतात ते वेगळेच, अन माल थोडा असला की मोसंबीलाही मार लागतो.

पाटे बदलल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनं यू बोल्ट परत आवळा. मोडका पाटा भंगारात घालू नका, लोहाराकडं न्या. त्याच्या खुरप्याला अन कुऱ्हाडीला धार चांगली टिकते.