डिझेल इंजिनातील हवा-तापक मंडल : शीत-आरंभाच्या प्रश्नाचा इतिहास आणि भंडारा जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :

भंडारा जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाची चर्चा बहुधा पितळी भांडी, कोसा, विडी आणि तुमसर परिसरातील मँगनीजच्या खाणी यांपाशी थांबते. 1982 मध्ये गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना सुरू झाला आणि साकोली-लाखनी पट्ट्याचा मोटार उद्योगाशी थेट संबंध आला. याच पट्ट्यातून मुंबई-कोलकाता महामार्ग (पूर्वीचा क्रमांक 6, आताचा 53) जातो. महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये डिझेल इंजिनविषयीचे जे ज्ञान साठत गेले, त्याची नोंद मात्र इतिहासलेखनात क्वचितच आढळते. प्रस्तुत निबंधात त्यातील एका लहान घटकाचा, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा तापविणाऱ्या विद्युत मंडलाचा विचार केला आहे.

शीत-आरंभाचा प्रश्न :

रुडॉल्फ डिझेल यांना 1893 मध्ये जर्मन पेटंट मिळाले व 1897 मध्ये ऑग्सबर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. हवा व सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की ही उष्णता अपुरी पडते. त्यापूर्वी, 1890 मध्ये, हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या इंजिनात एक गोळा दिव्याने बाहेरून तापवावा लागे. म्हणजे आधी आग व मग इंजिन, हा क्रम डिझेलपूर्वीचाच आहे.

महाराष्ट्रात 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. शेतीवरील पंपांना जोडलेली अशा प्रकारची संथगती इंजिने हँडल मारून सुरू होत. दाब सोडण्याचा खटका उचलून धरायचा, चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा, ही त्याची रीत. थंडीत जे एकट्याला जमत नसे त्याला दोघे लागत. ट्रकच्या बाबतीत हवा आत घेणाऱ्या नळीसमोर पेटता बोळा धरण्याचा धोकादायक उपायही केला जाई. पुढे हेच काम विद्युत पट्टीकडे आले. इनटेक मेनिफोल्डच्या तोंडाशी बसविलेली रोधक धातूची जाळी, तिला बॅटरीतून रिलेमार्फत मिळणारा मोठा प्रवाह आणि आता तापमान पाहून रिलेला आज्ञा देणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, असे हे मंडल आहे.

दोषनिदान :

भंडाऱ्यात उन्हाळा कडक आणि हिवाळा थोड्याच दिवसांचा. त्यामुळे बिघडलेला तापक कित्येक महिने कोणाच्या लक्षातच येत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गाडी उशिरा सुरू होते व पांढरा धूर सोडते. हा धूर म्हणजे न जळलेले डिझेल होय. तेव्हा दोष पंप किंवा नोझलवर ढकलला जाण्याचा संभव असतो, व मालकाचा खर्च व्यर्थ जातो.

येथे ओहमचा नियम (1827) फार उपयोगी पडतो. 12 व्होल्टवर 100 अँपिअर घेणाऱ्या तापकाचा रोध केवळ 0.12 ओहम असतो. साध्या मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध त्याहून अधिक असू शकतो. म्हणून रोध मोजून तापक चांगला की वाईट हे ठरविणे फसवे ठरते. समजा गंजलेल्या जोडात 0.02 ओहमचा रोध आला. प्रवाह सुमारे 86 अँपिअरवर उतरतो आणि तापकाची उष्णता 1200 वॅटवरून सुमारे 880 वॅटवर येते. उरलेल्यापैकी जवळजवळ दीडशे वॅट त्या जोडातच जळतात व वायरचे आवरण काळे पडते. म्हणूनच योग्य क्रम असा : प्रथम बॅटरी, नंतर आज्ञा मिळते की नाही, मग मंडल चालू असताना रिलेच्या दोन्ही मोठ्या टोकांमधील, प्रत्येक जोडावरील व अर्थिंगवरील व्होल्टेजची घट, शेवटी चिमटा-मीटरने प्रवाह. रिलेचा ‘टक्’ आवाज आला म्हणजे प्रवाह गेला असे होत नाही, कारण आतील संपर्क जळालेले असू शकतात. जोड घासून, आवळून किंवा नवीन लग बसवून दोष गेला तर तापक बदलण्याचे कारण उरत नाही.

याउलट दोषही तितकाच महत्त्वाचा आहे. रिलेचे संपर्क चिकटले तर तापक चालूच राहतो, बॅटरी उतरते आणि जाळी जळते. अशा अथवा चांगल्या तापकाच्या गाडीतही ईथरयुक्त फवारा नळीत मारणे विशेष घातक आहे. तापलेल्या जाळीवर तो मेनिफोल्डमध्येच पेट घेतो, व नळीशी वाकलेल्या माणसाच्या तोंडावर ज्वाळा येऊ शकते. जुन्या इंजिनांवर फवाऱ्याने काम निभावलेल्या मेकॅनिकला ही सवय सोडणे कठीण जाते. त्यामुळे हात लावण्यापूर्वी गाडीला तापक आहे की नाही हे पाहणे, हा पाठ ‘मेकॅनिक डिझेल’ शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच मिळावयास हवा.