पंप नसलेली फोर्ड आणि तिचा रेडिएटर

आज गोष्ट फोर्डच्या मॉडेल टीची. १९०८ ते १९२७ या काळात अमेरिकेत सुरू होऊन दीड कोटींच्या घरात पोचलेली गाडी. पण आपल्याला आख्खी गाडी नकोय, फक्त तिचा रेडिएटर बघायचाय.

पहिल्या साधारण २५०० गाड्यांत पाणी फिरवायला पंप होता. मग फोर्डने तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं, ते आपसूक वर चढतं. थंड झालं की जड होऊन खाली उतरतं. इंजिनातून वर, रेडिएटरमधून खाली, परत इंजिनात. झालं काम! पण पाण्याला ढकलणारं कुणी नाही म्हटल्यावर सगळी भिस्त रेडिएटरवर.

आता शंभर वर्षांनी तो गळायला लागला तर? तर सोपं आहे. हे रेडिएटर तांब्या-पितळेचे, सांधे कथील आणि शिशाने झाळलेले. ही झाळ १८३ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते, पितळ वितळायला ९०० च्या पुढे जावं लागतं. म्हणून कारागीर आच देऊन टाकी सोडवतो, नळ्यांतून सळई फिरवून क्षार काढतो, पुन्हा झाळतो, हवा भरून पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे शोधतो. पितळी भांड्यांना कल्हई लावताना पाहिली असेल, तर कथलाचा हा खेळ ओळखीचा वाटेल.

खरी पंचाईत होते न गळणाऱ्या रेडिएटरची. नळ्यांभोवती पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. नळीची उष्णता आधी पट्टीत जाते, मग हवेत. वर्षानुवर्षं हादरे खाऊन आणि झिजून दोघींमधला सांधा सुटतो. पट्टी दिसते जागेवरच, पण उष्णता काही घेत नाही. म्हणजे रेडिएटर ठणठणीत, थेंबभर गळत नाही, आणि चढावर पाणी उकळतंय! त्या काळी बाजारात वरून बसवायचे पंप मिळायचे, लोक बसवायचेही. माझ्या मते ते दुखणं झाकणं झालं. पट्ट्याच सुटल्यात, तर पाणी जोरात फिरून करणार काय?

मग जाळीच बदलावी लागते. मूळ टाक्या आणि बाहेरची चौकट ठेवायची, आत नवी जाळी झाळायची. चौकट जपायचीच, कारण १९१६ च्या मॉडेलपर्यंत ती चकाकत्या पितळेची होती, १९१७ पासून काळी झाली. जाणकार गाडीचं वय तिथूनच ओळखतात. आता याला ‘मूळचा रेडिएटर’ म्हणायचं का, यावर वाद घालणारे घालतात. मी तरी म्हणतो.

फक्त काढलेली जाळी लगेच भंगारात देऊ नका. नळ्या किती आणि पट्ट्या किती दाट, हे कारागिराला तिच्यावरूनच मोजायचं असतं.