संकेतस्थळाचा मुद्रक कोण?

जुने मराठी पुस्तक हाती आले की आधी त्याचे श्रेयपान वाचावे, असे आम्ही दोघे एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी सांगत आलो आहोत. मुद्रक, छापखान्याचा पत्ता, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि किंमत एवढ्या पाच-सहा ओळींतून पुस्तकाच्या जन्माची बरीच हकीकत कळते. अशाच एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, संकेतस्थळाचा मुद्रक कोण असतो?" वर्गात हशा पिकला. आम्हाला मात्र उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या अनुत्तरित प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

मुद्रकाची ओळ पुस्तकावर कशी आली, हे प्रथम पाहू. काही मुद्रक आपले नाव अभिमानाने आधीपासून छापत होतेच. १८३१ मध्ये मराठी पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींचे नाव आपल्याला परिचित आहे. पण ती ओळ सक्तीची झाली १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने. मुद्रणालये आणि पुस्तके यांच्या नोंदणीच्या या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक झाले. पुस्तकाच्या प्रती सरकारजमा कराव्या लागत, आणि त्यांवरून सरकार तिमाही याद्या प्रसिद्ध करी. पुस्तकाची भाषा, विषय, पृष्ठसंख्या, किती प्रती छापल्या, शिळाप्रेसवर की खिळ्यांवर, किंमत काय, इतका तपशील त्यांत असे. प्रतींचे जतन हा कायद्याचा एक हेतू होता, छापखान्यांवर नजर ठेवणे हा दुसरा. हेतू काहीही असो, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये स्थापलेल्या निर्णयसागरासारख्या मोठ्या छापखान्यापासून गावोगावच्या लहान शिळाप्रेसपर्यंत सर्वांचा माग अभ्यासकाला काढता येतो, तो बराचसा या सक्तीच्या ओळीमुळे.

महाजालावरील मराठी मजकुराचा असा माग काढता येईल काय? भारतात सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ पासून. मराठी संकेतस्थळांचा इतिहास लिहिताना आपण मोठी नावे घेतो. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेत सुरू झालेली 'मायबोली' किंवा २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया यांच्या तारखा नोंदल्या गेल्या आहेत. परंतु मंगल कार्यालये, पतसंस्था, शाळा, कारखाने यांची जी असंख्य स्थळे या काळात बांधली गेली, त्यांचे कारागीर कोण होते? या प्रश्नासह आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्याला भेटायला सणसवाडीला गेलो.

सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील गाव पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या दरम्यान आहे. एके काळचे हे शेतीचे गाव आता कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. आमच्या विद्यार्थ्याने २००४ मध्ये मराठीत एम.ए. केले, अध्यापकाची नोकरी मिळाली नाही, म्हणून सायबर कॅफेत बसून तो एचटीएमएल शिकला. आज एका दुकानावरच्या खोलीत तो स्वतंत्रपणे काम करतो. त्याच्यापाशी कंपनी नाही, भागीदार नाही. गिऱ्हाईक येते ते बहुधा कुणाच्या तरी ओळखीने.

त्याच्या पहिल्या वर्षांची हकीकत म्हणजे मराठी लिपीच्या इतिहासाचेच एक प्रकरण आहे. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून तयार केलेले असत. प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल, तर 'आमच्याविषयी' या शब्दाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली होती आणि तिच्यात देवनागरी होती. परंतु ती सामान्य संगणकावर पोचायला विंडोज २००० उजाडावे लागले. त्या संगणकांवर युनिकोड मराठी ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये दिसे, तो र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवलेला, हे आमच्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक असते. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. विंडोज एक्सपीवर मात्र देवनागरीची सोय बहुधा वेगळी बसवावी लागे. "सर, मी स्थळ द्यायला जायचो तेव्हा खिशात एक्सपीची सीडी असायची," तो म्हणाला. "आधी मालकाच्या संगणकावर मराठी बसवायची, मग त्यांना त्यांचं स्थळ दाखवायचं."

त्याची दुसरी हकीकत आम्हा भाषेच्या माणसांना अधिक महत्त्वाची वाटते. गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देते, रंग ठरवते, छायाचित्रे पाठवते; मजकूर मात्र कधीच पाठवत नाही. 'दोन दिवसांत देतो' हे वाक्य महिनोन् महिने चालते. शेवटी कारागीरच मजकूर लिहितो. संस्थेचा इतिहास, संस्थापकांचा परिचय, 'आमचे ध्येय', सगळे त्याच्याच हातचे. एका लहान कारखान्यासाठी त्याने 'धातुजोडणी' असा शब्द योजला होता. मालकांच्या वडिलांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "हे काम आपण कधी घेतलं?" मुलाने वेल्डिंग म्हणून सांगितल्यावर ते म्हणाले, "मग वेल्डिंग लिहा की! गिऱ्हाईक काय कोश घेऊन बसणार आहे?" शब्द बदलला. एम.ए.ला शैलीविचारावर लिहिलेल्या सर्व उत्तरांपेक्षा त्या प्रश्नाने आपल्याला जास्त शिकवले, असे तो आम्हाला हसत म्हणाला. आम्हीही हसून ते ऐकून घेतले. परंतु विचार करता असे दिसते की, गेल्या दोन-तीन दशकांत व्यवहाराचे एक नवे मराठी गद्य घडले आहे आणि ते घडवणारे लेखक निनावी आहेत.

उद्घाटनाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. नव्या स्थळाचे उद्घाटन मुहूर्त पाहून, नारळ फोडून, पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबून होते. मात्र स्थळाचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवला, तरी जागोजागचे संगणक जुने उत्तर काही काळ साठवून ठेवतात, आणि तो काळ मुहूर्त पाळत नाही. त्याच्या पहिल्याच समारंभात पाहुण्यांनी कळ दाबली आणि पडद्यावर आले 'काम चालू आहे' हे जुने पान. टाळ्या झाल्या, कारण बहुतेकांना तेच स्थळ वाटले. तेव्हापासून तो पत्ता दोन दिवस आधी वळवतो आणि समारंभाला फक्त पडदा दूर करतो.

यानंतर आम्ही त्याला पहिली पाच स्थळे दाखवायला सांगितले. त्यांपैकी एकही आज उघडत नाही. कोणाच्या पत्त्याचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले, कोणाचा व्यवसाय बंद पडला, एका ठिकाणी भावाभावांत वाटणी झाली आणि पत्ता कोणाच्या नावावर होता हेच सापडेना. छापलेले पुस्तक प्रकाशक बुडाला तरी रद्दीच्या दुकानात, कोणाच्या माळ्यावर, कुठे तरी उरते. संकेतस्थळाला दरवर्षी भाडे भरून जिवंत ठेवावे लागते; भाडे थांबले की त्याची एकही प्रत मागे राहत नाही. १९५४ च्या कायद्याने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक केले; १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रे आली. संकेतस्थळांसाठी तशी तरतूद त्या कायद्यात नाही. १८६७ चा कायदाही आता उरलेला नाही. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला असून तो नियतकालिकांपुरता आहे.

असे असूनही कायदा या कारागिराला अगदीच विसरलेला नाही. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती'च्या व्याख्येत आली. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे कृतीचे हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही ती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. सणसवाडीच्या खोलीत बसून आज्ञावली आणि गद्य दोन्ही लिहिणारा हा माणूस कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतींचा कर्ता आहे! आम्ही हे सांगितले तेव्हा त्याला आनंद झाला, पण तो म्हणाला, "सर, तळाशी नाव टाकलं की पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी बिघडवलेल्या पानासाठी फोन मला येतो."

हा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. मुद्रकाची ओळ हीदेखील नुसत्या श्रेयाची ओळ नव्हती. मजकूर आक्षेपार्ह ठरला तर कोणाला धरायचे, हेही ती सांगत असे. जबाबदारीतून सुटण्यासाठी नाव झाकले, तर इतिहासातूनही ते सुटते. आमच्या मते यावरचा मार्ग मुद्रकांनीच दाखवून ठेवला आहे. त्यांच्या ओळीत आवृत्ती आणि वर्ष असे. 'या स्थळाविषयी' असे एखादे पान ठेवून त्यावर मजकूर कोणाचा, बांधणी कोणाची, कोणत्या गावी आणि कोणत्या महिन्यात झाली, एवढे लिहिले तर श्रेय त्या आवृत्तीपुरते राहते आणि जबाबदारीही. पुढे कोणी बदल केले तर त्याने आपली ओळ खाली जोडावी.

निघताना त्याने आम्हाला एक गोष्ट दाखवली. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती जमेल तशा साठवते. त्या संग्रहात त्याच्या लुप्त झालेल्या पाच स्थळांपैकी एकाचे मुखपृष्ठ सापडते. चित्रे गेली आहेत, मजकूर आहे. त्याने त्या पानाची मूळ आज्ञावली उघडली. वाचकाला पडद्यावर न दिसणाऱ्या टिपेच्या जागी इंग्रजी लिपीत एक ओळ होती: त्याचे नाव, सणसवाडी, तालुका शिरूर, आणि २००६ हे साल. "छापखान्याची ओळ तुम्हीच शिकवली होती ना," तो म्हणाला. आजही प्रत्येक स्थळात तो ती लिहितो. गिऱ्हाइकाला ठाऊक नसते.

त्या विद्यार्थिनीला आता आम्ही उत्तर देऊ शकतो. संकेतस्थळाला मुद्रक असतो. त्याचे नाव छापण्याची सक्ती नसते, इतकेच. ते शोधण्याचे काम आपल्याला करावे लागेल. मराठीच्या अध्यापकांना आमची एक विनंती आहे. प्रकल्पाचे विषय देताना आपल्या तालुक्यातील एका तरी बंद पडलेल्या मराठी संकेतस्थळाची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी: ते कोणी बांधले, मजकूर कोणी लिहिला, कधी सुरू झाले, कधी आणि का बंद पडले. बांधणारे अजून आपल्यात आहेत, विचारले तर सांगतात. गणपत कृष्णाजींना आपण काही विचारू शकत नाही. यांना विचारता येते.