उन्हाळी संशोधन प्रकल्प : तयारी दिवाळीपासूनच हवी

पदवीच्या वर्गात शिकविले जाणारे विज्ञान हे बहुतांशी सिद्ध झालेले विज्ञान असते. प्रयोगाचे उत्तर काय यावयास हवे, हे विद्यार्थ्याला जर्नल उघडण्यापूर्वीच ठाऊक असते आणि ते तसे आले नाही तर चूक आपलीच, असे तो गृहीत धरतो. ज्याचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नाही, अशा प्रश्नाशी त्याची पहिली गाठ पडते ती अनेकदा एमएस्सीच्या अखेरीस. संशोधन हा आपला मार्ग आहे की नाही, हे पडताळून पाहण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते.

ही उणीव भरून काढण्याची सोय देशातील अग्रगण्य संस्थांनी उन्हाळी संशोधन कार्यक्रमांच्या रूपाने करून ठेवली आहे. मे ते जुलै या काळात साधारणतः सहा ते आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी त्यातून मिळते. तालुक्याच्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांपर्यंत मात्र ही माहिती वार्षिक परीक्षा आटोपल्यावर पोहोचते. तेव्हा अर्जाची मुदत उलटून कित्येक महिने झालेले असतात. म्हणून या संधीसंबंधी पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की उन्हाळ्याची तयारी दिवाळीत सुरू करावी लागते.

कोठे कोणती संधी?

या क्षेत्रातील एक व्यापक योजना तीन विज्ञान अकादमी संयुक्तपणे राबवितात. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या त्या तीन संस्था होत. निवड झालेल्या विद्यार्थ्यास देशातील एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करता येते व त्याला शिष्यवृत्तीही मिळते. विशेष म्हणजे ही योजना केवळ विद्यार्थ्यांसाठी नसून महाविद्यालयीन शिक्षकांसाठीही आहे.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था ‘व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्रॅम’ चालविते. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित व संगणकशास्त्र या विषयांत संशोधन चालते. याच संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही विद्यार्थ्यांना उन्हाळी प्रकल्प देते. नारायणगावजवळच्या खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण हेच केंद्र चालविते. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभारलेल्या पुण्याच्या ‘आयुका’मध्येही खगोलशास्त्राची ओढ असणाऱ्यांसाठी सुट्टीतील कार्यक्रम असतो. बेंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही अशा शिष्यवृत्त्या देते.

बीएस्सीच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्यांनी मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘नियस’ या २००४ पासूनच्या उपक्रमाची चौकशी अवश्य करावी. त्यात एकाच उन्हाळ्यापुरते न थांबता शिबिरांच्या माध्यमातून प्रकल्प पुढे नेता येतो.

परदेशी कार्यक्रमांविषयी मात्र आधीच खातरजमा करावी. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीवर चालणारे पदवी विद्यार्थ्यांचे प्रसिद्ध उन्हाळी प्रकल्प तेथील नागरिकांसाठी व कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांसाठीच असतात. १९७९ पासून चालत आलेल्या कॅलटेकच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याने प्रथम मार्गदर्शक शोधून त्याच्या साह्याने प्रकल्पाचा आराखडा लिहावयाचा असतो.

वेळापत्रक कसे आखावे?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संस्थांची यादी करून मागील वर्षीच्या जाहिराती वाचून ठेवाव्यात. अकादमींच्या योजनेसाठीचे अर्ज साधारणतः दिवाळीच्या सुमारास मागविले जातात, तर इतर अनेक संस्थांचे अर्ज हिवाळ्यात निघतात. मात्र तारखा दरवर्षी बदलतात. पदवीच्या कोणत्या वर्षाचा विद्यार्थी पात्र, हेही संस्थागणिक व विषयागणिक निराळे असते. त्यामुळे त्या वर्षीची संस्थेची अधिकृत जाहिरातच प्रमाण मानावी. नामांकित संस्था निवड झालेल्यांकडून जागा राखण्यासाठी मोठी रक्कम मागत नाहीत. तशी मागणी करणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहिलेले बरे.

एक अडचण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना विशेषत्वाने भेडसावते. विद्यापीठाच्या परीक्षा लांबल्या, की त्यांच्या तारखा प्रकल्पाच्या आरंभाशी भिडतात. ही शक्यता अर्जातच प्रांजळपणे नमूद करावी आणि वेळापत्रक जाहीर होताच संस्थेला कळवावे. आठवडा-दोन आठवडे उशिरा रुजू होण्याची विनंती वेळेवर केली तर तिचा विचार होऊ शकतो. ऐनवेळी कळविल्यास मात्र ती जागा दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडत नाही.

उद्देशपत्र : अर्जाचा प्राण

गुणपत्रिका सर्वच अर्जदार जोडतात आणि चांगले गुण असणारे पुष्कळ असतात. त्यांतून निवड करताना वाचणाऱ्याच्या हाती उरते ते विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले पानभर टिपण. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारी टिपणे परीक्षकाने शेकड्याने वाचलेली असतात. संगणकाकडून लिहवून घेतलेला गुळगुळीत मजकूरही त्याच पंक्तीत जाऊन बसतो. अशा टिपणातून अर्जदाराला कोणता प्रश्न पडला होता, हे काही केल्या कळत नाही.

तो प्रश्न भव्य असण्याची मुळीच गरज नाही. साध्या लंबकाचेच उदाहरण घेता येईल. हा प्रयोग करताना लंबक ३० अंशांपर्यंत झुलविला, तर त्याचा दोलनकाल नेहमीच्या सूत्रापेक्षा सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरण साधारण ३.४ टक्क्यांनी कमी भरते. बहुतेक विद्यार्थी हा फरक ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून सोडून देतात. एखाद्याने मात्र ५, १५ व ३० अंशांवर वेगवेगळी मापने घेतली, फरक कोनाबरोबर वाढतो हे पाहिले आणि सूत्रातील ‘लहान कोन’ या अटीपर्यंत तो पोहोचला, तर ती हकीकत चार वाक्यांत सांगावी. तिच्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दोरा, वजन, कोनमापक व घड्याळ पुरते. गावच्या ओढ्यातील पाण्याची नोंद, शेतातील किडीचे निरीक्षण किंवा स्वतः लिहिलेली छोटी संगणकीय आज्ञावली यांचेही मोल असेच आहे. साधनांच्या अभावी मागे पडण्याची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे.

टिपणाच्या उत्तरार्धात त्या संस्थेतील कोणते काम आपल्या जिज्ञासेशी जुळते आणि या दोन महिन्यांत काय शिकावयाचे आहे, हे लिहावे. जे येत नाही ते येते असे लिहू नये. टिपण लिहून झाल्यावर आठवडाभर बाजूला ठेवावे, मग शिक्षकांना व एखाद्या मित्राला वाचावयास द्यावे. दिवाळीपासून प्रारंभ करण्याचे खरे कारण हेच आहे. अर्ज भरावयास तास पुरतो. प्रश्न पडावयास आणि तो नीट मांडावयास मात्र महिना लागतो.

शिफारसपत्र

‘विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ एवढ्याच आशयाचे पत्र निरुपयोगी ठरते. अर्थात त्याचा दोष केवळ शिक्षकांना देता येणार नाही. मोठ्या वर्गातील एका विद्यार्थ्याविषयी तपशिलाने लिहावयाचे, तर तो विद्यार्थी शिक्षकांना परिचित हवा. म्हणून प्रयोगशाळेत शंका विचारणे, तासानंतर थांबून बोलणे, एखादा छोटा प्रकल्प हाती घेणे हीदेखील अर्जाचीच तयारी होय. पत्रासाठी किमान तीन आठवडे आधी भेटावे आणि सोबत आपले टिपण, गुण व केलेल्या कामाची पानभर माहिती द्यावी. अनेक ठिकाणी पत्राची विनंती थेट शिक्षकांच्या ई-मेलवर जाते. तो पत्ता ते नियमित पाहतात का, हे विचारून घ्यावे आणि मुदतीच्या चार दिवस आधी नम्रपणे आठवण करून द्यावी. विद्यार्थ्याचा अर्ज पूर्ण आणि पत्र मात्र पोहोचलेच नाही, ही नामुष्की त्यामुळे टळते.

ज्या प्रयोगशाळांत थेट शास्त्रज्ञांना पत्र लिहून प्रवेश मिळविता येतो, तेथे एकच मजकूर पन्नास जणांना धाडणे टाळावे. त्या शास्त्रज्ञाचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातील कोणता भाग समजला व कोठे अडले, हे दोन वाक्यांत लिहावे. पत्र दहा ओळींहून मोठे नसावे. उत्तर न आल्यास दहा-बारा दिवसांनी एकदा स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतर मात्र थांबावे.

निवड झाल्यावर

निवडीची वार्ता आणि रुजू होण्याचा दिवस यांमधील काळ वाया घालवू नये. मार्गदर्शकास पत्र लिहून काय वाचावे, ते विचारावे. भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ हे १९९६ पासूनचे मासिक पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच असून ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. भौतिकशास्त्र व गणितातील नवे निबंध ‘अर्काइव्ह’ या १९९१ पासूनच्या संग्रहात मोफत मिळतात. शोधनिबंध प्रथम सारांश, मग आकृत्या, मग निष्कर्ष या क्रमाने वाचावा. पहिल्या वाचनात निम्मा कळला तरी पुष्कळ. पायथनसारख्या एखाद्या संगणकीय भाषेचा प्राथमिक परिचय आणि मापनातील अनिश्चितता मांडण्याची रीत या दोन गोष्टी जवळपास सर्वच विषयांत उपयोगी पडतात.

व्यवहाराची बाजूही पाहावी लागते. शिष्यवृत्तीची रक्कम पहिल्याच दिवशी हाती पडेल असे नाही. म्हणून महिन्याभराच्या खर्चाची तजवीज घरी बोलून करावी. वसतिगृह मिळणार की नाही, हे आधी विचारावे आणि महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, ओळखपत्र व बँक खात्याचा तपशील जवळ ठेवावा.

प्रयोगशाळेतील दिवस

पहिला आठवडा गोंधळाचा असतो. इतरांच्या बोलण्यातील निम्मे शब्द कळत नाहीत, इंग्रजी अडखळते आणि आपण येथे चुकून आलो, असे वाटू लागते. हे सर्वांच्याच वाट्याला येते. त्यावरचा उपाय म्हणजे प्रश्न विचारणे. न समजता मान डोलाविण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. प्रयोगवहीत रोजची तारीख घालून, त्या त्या वेळीच नोंद करावी. चुकलेले वाचन खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून कारण लिहावे. अपेक्षेबाहेरचा आकडा लपविणे हा संशोधनातील अक्षम्य अपराध आहे. पुष्कळदा शोधाची वाटही त्याच आकड्यापासून सुरू होते.

आठ आठवड्यांत शोधनिबंध प्रसिद्ध होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. प्रयोग फसला तरी तो का फसला, हे अहवालात नीट मांडता आले तर काम झाले असे समजावे. अहवालाचे लेखन शेवटच्या रात्रीवर न ढकलता मध्यावरच सुरू करावे. संशोधन आपल्या प्रकृतीला मानवत नाही, असे एखाद्याला या काळात उमगले, तर तेही कमी मोलाचे नाही. पीएचडीची चार-पाच वर्षे खर्ची घालून तेच उमगण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर.

पहिल्या प्रयत्नात निवड झाली नाही, तर पात्रता असेपर्यंत पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा. दरम्यान आपल्याच महाविद्यालयात शिक्षकांसमवेत एखादा छोटा प्रश्न हाती घ्यावा. महाविद्यालयांनीही सप्टेंबरमध्येच ही माहिती फलकावर लावावी आणि शिक्षकांनी अकादमींच्या योजनेत स्वतः अर्ज करावा. एक शिक्षक दोन महिने संशोधन करून परतला, की त्याच्या पुढील प्रत्येक तुकडीला अर्ज कसा लिहावा हे विचारण्यासाठी गावाबाहेर जावे लागत नाही.