लाटसाहेबांचे पुतळे, शाळिग्राम आणि बराकपूर

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पूर्व काठावर बराकपूर वसलं आहे. मराठी वाचकाला हे नाव शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतं ते मंगल पांडे यांच्यामुळे. २९ मार्च १८५७ रोजी इथल्या कवायतीच्या मैदानावर त्यांनी बंदूक उचलली आणि ८ एप्रिलला ते फासावर गेले. छावणीच्या या गावाला आणखी एक इतिहास आहे, आणि त्याच्याविषयी फार कमी बोललं जातं. माणसं रोज काय बघतात, कशापुढे हात जोडतात आणि त्याबद्दल कोणाला लिहिता येतं, यावरून इथे दीडशे वर्षं ओढाताण चालली होती.

सुरुवात लॉर्ड वेलस्ली यांच्यापासून करावी लागते. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात मराठ्यांशी युद्ध पुकारणारे हेच ते गव्हर्नर जनरल. बराकपूरची नदीकाठची जागा त्यांनी स्वतःसाठी घेतली आणि तिथे विलायती धाटणीची मोठी बाग उभी केली. १८०४ मध्ये त्याच बागेत पशुपक्ष्यांचा संग्रह सुरू झाला. त्याची जबाबदारी फ्रान्सिस बुकानन या वैद्य-निसर्गअभ्यासकाकडे होती. देशभरातून आणलेल्या प्राण्यांची चित्रं काढायला हिंदुस्थानी चित्रकार नेमले गेले. त्यांच्यापैकी हलुदार हे एक नाव आजही कागदोपत्री सापडतं. कोऱ्या पार्श्वभूमीवर प्राणी एका बाजूने उभा करायचा, आणि केसांची दिशा, खुरांचा आकार, डोळ्याभोवतीची कातडी हे सगळं बारीक कुंचल्याने टिपायचं, अशी ही कामाची रीत. हुकूम साहेबाचा होता आणि निरखणारा डोळा हलुदारांचा. ती चित्रं पुढे लंडनला गेली. पिंजऱ्यांचेही दिवस फिरले. अलीपूरची प्राणिशाळा १८७६ मध्ये सुरू झाली आणि बराकपूरच्या संग्रहाची गरज उरली नाही.

वेलस्लींना चित्रकारांचं वावडं नव्हतं, पण वर्तमानपत्रांचं होतं. १७९९ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांवर कडक पूर्वनियंत्रण घातलं. छापण्याआधी प्रत्येक मजकूर सरकारी चिटणिसाला दाखवणं बंधनकारक झालं. मात्र त्यांच्या बागेच्या अगदी समोर, नदीच्या पश्चिम काठावर, श्रीरामपूर होतं, आणि ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं. कंपनीच्या मुलखात थारा न मिळालेल्या मिशनऱ्यांनी १८०० मध्ये तिथे छापखाना थाटला. विल्यम केरी आणि त्यांच्या पंडितांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच छापखान्यातून निघालं, तर १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. खिळे पाडण्याचं कसब पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांचं होतं. १८१८ मध्ये इथूनच ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक सुरू झालं. मराठी मुद्रणाच्या आरंभाची मोठी खूण पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर, हुगळीच्या काठी सापडते.

पुढे १८६१ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंग यांच्या पत्नी शार्लट यांचं निधन झालं आणि त्यांना बराकपूरच्या बागेत दफन करण्यात आलं. त्या स्वतः जलरंगात चित्रं काढत. थडग्यावरचं जडावकामाचं संगमरवरी स्मारक जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रेखलं होतं. बंगालच्या दमट हवेत ते टिकेना, म्हणून कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चमध्ये हलवलं गेलं. सामान्य बंगाली माणसाने बाईंची आठवण वेगळ्याच तऱ्हेने जपली. छेन्याच्या तळलेल्या, पाकात मुरलेल्या एका मिठाईला त्यांचं नाव पडलं असं सांगतात. ‘लेडिकेनी’ आजही बंगालच्या मिठाईच्या दुकानांत मिळते.

या सगळ्या कथेचा कणा मात्र बराकपूरच्या मणिरामपूर भागाशी नातं असलेला एक संपादक आहे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी ‘बेंगाली’ हे वृत्तपत्र चालवत. १८८३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयात एका घरातल्या वादात देव्हाऱ्यातला शाळिग्राम पुरावा म्हणून हजर करायला न्यायमूर्ती नॉरिस यांनी सांगितलं. तो किती जुना आहे हे बघायचं होतं. ज्या दगडाला घरातली माणसं रोज आंघोळ घालतात, तुळस वाहतात, नैवेद्य दाखवतात, तो न्यायालयाच्या ओवरीत आणला गेला. दुसऱ्या एका पत्रातल्या बातमीच्या आधारे सुरेंद्रनाथांनी न्यायमूर्तींवर सडकून टीका केली. न्यायालयाच्या अवमानाचा खटला उभा राहिला. सुरेंद्रनाथांनी खेद व्यक्त करूनही त्यांना दोन महिन्यांची शिक्षा झाली. पाच न्यायमूर्तींच्या पीठात रमेशचंद्र मित्र या एकट्या भारतीय न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि निषेधाच्या सभा बंगालबाहेरही भरल्या. बारा वर्षांनी, १८९५ मध्ये, पुण्यात भरलेल्या काँग्रेसचं अध्यक्षपद याच सुरेंद्रनाथांनी भूषवलं.

त्या काळात कोलकात्याचे चौक आणि मैदान कोणाच्या ताब्यात होते? व्हाइसरॉय, सेनापती आणि राजे यांच्या पुतळ्यांच्या. ते विलायतेत घडत आणि जहाजाने येत. कामावर जाणारा कारकून, गाडीवान, भाजीवाली रोज त्यांच्या चौथऱ्याखालून जात. देशी माणूस दगडात कोरण्याजोगा असतो, हे त्यांना रस्त्यावर दिसतच नव्हतं. ते दिसलं ते आधी मासिकाच्या पानावर, आणि त्यात मुंबईचा मोठा हात होता. सर जे. जे. कलाशाळेतल्या गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने पूजेला निघालेल्या मराठी स्त्रीचं शिल्प घडवलं होतं, ‘मंदिरपथगामिनी’. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या आणि चालीतला संथपणा यांनी बघणाऱ्यांना मोहून टाकलं. १८९८ च्या सुमारास रवींद्रनाथ टागोरांनी बंगाली मासिक ‘प्रदीप’मध्ये या शिल्पावर लेख लिहिला. ‘प्रदीप’चे संपादक रामानंद चट्टोपाध्याय यांनी पुढे ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ काढले आणि त्यांत भारतीय चित्रकारांची रंगीत चित्रं छापण्याचा पायंडा पाडला. ज्या घरात कधी चित्र विकत घेतलं गेलं नसतं तिथेही मासिकातलं पान कापून भिंतीवर लागू शकलं. सरकारी आश्रयाविना, वर्गणीदारांच्या बळावर हे घडलं, ही या संपादकांची मोठी कमाई.

स्वातंत्र्यानंतर चौकांचा ताबा बदलला. चौरंगीवरच्या आउट्रमच्या घोडेस्वार पुतळ्याच्या जागी १९५८ मध्ये देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडवलेले गांधीजी आले. कर्झन पार्क सुरेंद्रनाथांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बंगालची फाळणी करणाऱ्याच्या बागेला फाळणीविरोधी चळवळीच्या पुढाऱ्याचं नाव मिळालं. १९६९ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारच्या काळात कोलकात्यातले अनेक इंग्रज पुतळे उतरवून बराकपूरला, फ्लॅगस्टाफ हाउसच्या आवारात नेण्यात आले. मेयो, मिंटो, लॅन्सडाउन, पंचम जॉर्ज अशी मंडळी सुरेंद्रनाथांच्या गावी येऊन झाडीत उभी राहिली. १८५७ साली गव्हर्नर जनरल असलेले कॅनिंग पत्नीच्या थडग्याजवळ घोड्यावर बसलेले आहेत.

मुंबईतही हेच घडलं होतं. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं. १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळा फोर्टातून हलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, तरी त्या भागाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा राहिला आणि त्याच्या पाठीवर कोणीच बसलेलं नाही.

बराकपूरच्या नदीकाठी आज गांधी घाट आहे. गांधीजींच्या अस्थी जिथे विसर्जित झाल्या तिथे हबीब रहमान या तरुण वास्तुविशारदाने तो बांधला. १९४९ च्या जानेवारीत पंतप्रधान नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. मंदिर, मशीद आणि चर्च यांच्या आकारांचा मेळ घालणारी ही उभी वास्तू नेहरूंना इतकी भावली की रहमान पुढे दिल्लीला गेले. घाटावर कोणीही जाऊन बसू शकतं. फ्लॅगस्टाफ हाउस मात्र राज्यपालांची वास्तू आहे आणि तिथे सहज प्रवेश नाही. ते आवार लोकांना खुलं व्हायला हवं. प्रत्येक पुतळ्याशेजारी तो कोणी घडवला, कोणाच्या पैशाने उभा राहिला आणि कुठल्या चौकातून कोणत्या वर्षी उतरवला, हे बंगालीत लिहिलं जावं. आणि त्याच बागेत हलुदारांच्या चित्रांच्या प्रतीही लागाव्यात, त्यांच्या नावानिशी.