परक्याचा ठावठिकाणा

नेरूळ येथे आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस आहेत. त्यांनी नुकतेच बिऱ्हाड हलविले. नवा पत्ता दहा दिवसांच्या आत तेथील सरकारास कळविणे त्यांस भाग होते. हे ऐकून वडील संतापले. सचोटीने कर भरणाऱ्या सुशिक्षित मनुष्याने चोराप्रमाणे हजेरी का द्यावी, असा त्यांचा प्रश्न. तो आम्हांस विचारार्ह वाटला.

परक्याचा ठावठिकाणा विचारण्याची रीत आपणांस पश्चिमेने शिकविली असे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरातील दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एक गोप नेमलेला आहे. घरी कोण आले, कोण गेले याची वर्दी घरधन्याने द्यावी. न दिल्यास त्या रात्री घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्या माथी येई. पेशवाईतील पुण्यातही येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद राखणे हे कोतवालाचे एक काम होते.

तथापि पुसणे निराळे आणि हिणविणे निराळे. १९०६ साली ट्रान्सव्हाल सरकारने जो मसुदा काढला, त्यान्वये आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई रहिवाशाने नाव, निवासस्थान, जात व वय लिहून देऊन बोटांचे ठसे उमटवावेत असे ठरले. गोऱ्या परदेशीयांस ही अट नव्हती. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांनी हा कायदा न मानण्याची शपथ घेतली. पुढे १९०७ साली तो संमत झालाच; तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. त्यांचा रोष पत्ता सांगण्यावर नव्हता. वर्णावरून संशयित ठरविले जाण्यावर होता.

याउलट अमेरिकेचा १९४० सालचा कायदा पाहावा. महायुद्धाच्या छायेत तो झाला. पण त्याने चौदा वर्षांवरील परकीयांस, मग ते कोणत्याही वर्णाचे असोत, नोंदणी सक्तीची केली आणि तेथे स्थायिक असलेल्यांस पत्ता बदलल्यास पाच दिवसांत कळविण्यास सांगितले. १९५२ च्या कायद्याने ती मुदत दहा दिवसांची केली. तीच आज आमच्या शेजाऱ्यांच्या चिरंजीवांस लागू आहे. नियम जाचक असेल. अपमानकारक म्हणता येत नाही.

आणि आपण तरी काय करतो? परकीयांच्या नोंदणीचा १९३९ सालचा कायदा स्वतंत्र भारताने कित्येक दशके चालविला; २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी नोंदणी राहिलीच. आमच्याच वसाहतीत परदेशी विद्यार्थ्यास खोली देताना घरमालक पोलिसांत माहिती देतो, त्यास आपण दक्षता म्हणतो. आपल्या मुलास तीच गोष्ट करावी लागली म्हणजे तो अपमान कसा ठरतो? नियम सर्वांस सारखा आहे की काहींसच, एवढेच पाहावे; आणि परदेशात आपल्या मुलास जी वागणूक मिळावी असे वाटते, ती प्रथम आपल्या दारी आलेल्या परक्यास द्यावी.