वंगण असूनही सांधे का झिजत?

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावरील छिद्रातून तेल वर उसळू लागले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरता आस तेल ओढून नेतो आणि त्या दाबाखालील थरावर तरंगतो, हे त्यातून उमगले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले.

सुरुवातीच्या मोटारींच्या सांध्यांना हे वरदान नव्हते. पुढचे चाक ज्या किंगपिनवर वळते, तेथे पूर्ण फेरा होतच नाही. हालचाल असते ती थोडी मागेपुढे. त्यामुळे तेलाचा थर तयार होत नाही आणि धातू धातूला भिडतो. त्यात रस्त्याची धूळ मिसळली की ग्रीसच कानसेचे काम करते.

निदान हातांनीच होई. चाक जॅकवर उचलून, वरच्या व खालच्या कडेला धरून हलवायचे. चाक एकटेच डुगडुगले तर दोष बेअरिंगचा. ज्या आखूड आसावर ते बसते तोही हलला तर किंगपिन वा तिचे बुश झिजलेले. दाबाने नवे ग्रीस भरूनही जुने बाहेर आले नाही, तर मार्ग तुंबलेला असण्याची शक्यता मोठी.

ग्रीसने कुरकुर थांबे, झिजलेला धातू परत येत नसे. म्हणून वंगण किती घातले यापेक्षा ते कोठवर पोहोचले, हे पाहणे महत्त्वाचे ठरले.